निंगव्वा आत्या: अनडिफाइंड

दानेश्वरीच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि तिच्या आईला, सिद्धम्माला, एका जागी बसवत नव्हतं. आहेराची यादी फोनवर होती. दर अर्ध्या तासाला ती उघडायची, कुणाची तरी साडी बदलायची आणि पुन्हा स्वयंपाकघरात पळायची. यादी केली होती धाकट्या मुलाने, मल्लिनाथने. पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करणाऱ्या या माणसावर घरच्यांनी लग्नातलं दुसरं कुठलंच काम सोपवलं नव्हतं. त्याने यादीवर जावास्क्रिप्टचा एक पहारेकरी बसवला. काही बदललं की घरच्या ग्रुपवर मेसेज पडणार आणि तो वाचून वडील, रेवणसिद्ध, आहेराच्या पिशव्या भरणार.

सगळी धडपड निंगव्वा आत्यासाठी, रेवणसिद्धच्या बहिणीसाठी होती. थोरल्या मुलाच्या लग्नात तिच्या हातात दुसरीच्याच नावाची चिठ्ठी लावलेली साडी पडली. ती तशीच अक्कलकोटची गाडी धरून निघून गेली, आणि त्यानंतर अकरा वर्षं या घरी आली की नुसतं पाणी पिऊन उठायची. या घरात पहिली हळद आत्याची. ती पुन्हा रुसली तर दानेश्वरीला हळद लावणार कोण, या विचाराने सिद्धम्माचा जीव टांगणीला लागला होता.

"मल्लू, आत्याची साडी बदलली की. आलं का तुला?" सिद्धम्माने मुलाला विचारलं.

"न्हाय अव्वा. मेसेज न्हाय म्हणजे बदल न्हाय."

"आरं, हितं मला दिसतंय! हिरवीची जांभळी केली मी."

"मी तर हिरवीच भरली की," रेवणसिद्ध पिशवी उपसत म्हणाले.

मल्लिनाथने कपाळाला हात लावला. यादीच्या पोटात अक्कलकोट, अक्कलकोटच्या पोटात आत्या आणि आत्याच्या पोटात साडी, अशी ती रचना होती. "पहारेकरी नुसता बाहेरच्या गेटवर बसलाय, अव्वा. आत कुणी काय केलं ते त्याला दिसत न्हाय."

"मग आतल्या हरएक दारात बसव की एकेक!" रेवणसिद्ध म्हणाले. मल्लिनाथच्या कंपनीतले साहेब हेच सांगायचे, फक्त इंग्रजीत.

तासाभरात त्याने दारोदार पहारेकरी बसवले. आता हौसच आली होती, म्हणून आधी काय होतं आणि आता काय आहे, तेही सांगायची सोय केली. सिद्धम्मा निर्धास्त झाली आणि लगेच यादी उघडून बसली.

"निंगव्वा आत्या, साडी. आधी: जांभळी रेशमी. आता: हिरवी इरकल."

"निंगव्वा आत्या, साडी. आधी: हिरवी इरकल. आता: साधी सुती."

"सुती? अव्वा, हे काय?"

"तिला रेशमीत उकडतं रं..."

आतून दानेश्वरी ओरडली, "अव्वा! आत्या हाय की ग्रुपवर! काल तूच घेतलीस न्हवं तिला?"

सिद्धम्माने घाईघाईने सुतीची रेशमी केली. मेसेज पडला. रेशमी कुठली ते राहिलं म्हणून जांभळी लिहिली. मेसेज पडला. सगळं निस्तरायला तिने शेवटी आत्याचं नावच पुसून टाकलं.

"अक्कलकोट. आधी: निंगव्वा आत्या. आता: अनडिफाइंड."

दोन मिनिटांत मल्लिनाथचा फोन वाजला. आत्याचा होता.

"मल्लू, अनडिफाइंड म्हणजे काय रं?"

"म्हणजे आत्या... जिचं अजून काय ठरलं न्हाय, अशी."

"बरं," म्हणून आत्याने फोन ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं सगळ्यांनाच वाटलं.

पुढचे दोन तास सिद्धम्मा दार ते गॅलरी, गॅलरी ते दार अशा येरझाऱ्या घालत होती. तेवढ्यात दारात निंगव्वा आत्या उभी राहिली, हातात कपड्यांची पिशवी घेऊन. सिद्धम्मा तांब्या आणायला धावली.

"पाणी नको वैनी. च्या ठेव."

सिद्धम्माने तांब्या ठेवून चहाचं आधण चढवलं.

"एका दिसात पाच येळा माझी साडी बदललीस," आत्या पिशवी खाली ठेवत म्हणाली. "माझ्या आईनंबी माझा एवढा इचार केला नसंल गं."

सिद्धम्माला रडू फुटलं. अकरा वर्षांचं ओझं तिने आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून उतरवलं.

"आन् सुतीच दे. रेशमीत लई उकडतं."

चहा कपात ओतला आणि सिद्धम्माचा फोन वाजला. वैरागहून काशम्मा, तिची सख्खी धाकटी बहीण.

"अक्का, सकाळपासनं ग्रुप बघतीया. माझी साडी एकदाबी बदलली न्हाय! एकदा लिवलीस आन् मोकळी झालीस व्हय?"

सिद्धम्माने घाबरून सगळ्यांकडे पाहिलं. निंगव्वा आत्याने बशीतला चहा फुंकला आणि हळूच म्हणाली, "हिरवीची लाल कर, लालची परत हिरवी कर वैनी. पर दोनदाच हां. पाचवर न्यायचं न्हाय."