पाण्याला पत्ता न देणारे पटवर्धनकाका

अन्याय झाला आहे तो कोलकात्यात, बेहाल्याच्या आमच्या सहनिवासातले श्री. वामनराव पटवर्धन यांच्यावर. केव्हा झाला? यंदाच्या विश्वकर्मा पूजेच्या सकाळी, वर आभाळात पतंगांची कापाकापी चाललेली असताना आणि खाली अंगणात पटवर्धन लाटण्यापुढे गुडघ्यांवर बसलेले असताना. केला कोणी? सहनिवासाच्या कमिटीने. बिनविरोध. बिनविरोध झालेल्या गोष्टींची मला पहिल्यापासून शंका येते.

लाटण्याचं पुढे सांगते. आधी माणूस सांगते.

समोर कोणी आलं की आपण त्याचा चेहरा बघतो. पटवर्धनकाका त्याची शिवण बघतात. आमच्याकडे पुण्याहून बदलून आलेले बँकेतले देशपांडे पहिल्यांदा भेटायला गेले, तेव्हा काकांनी नमस्कार करायच्या आत त्यांच्या बुशशर्टाची बाही उलटी केली आणि म्हणाले, "बगलेत उसवणार. दिवाळीपर्यंत." देशपांडे महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. दिवाळीत बोलायला लागले, कारण शिंपी कुठला ते विचारायचं होतं.

केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर सगळी मराठी माणसं पुण्याला नाहीतर नागपूरला जातात. काका गेले नाहीत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "इथं मी बर्धनबाबू आहे. तिकडं पुन्हा पटवर्धन व्हावं लागेल." 'पटवर्धन' हे नाव बंगाली जिभेला पेलत नाही, म्हणून त्याचं पुढचं 'पट' कापून सगळा पाडा, म्हणजे मोहल्ला, त्यांना बर्धनबाबूच म्हणतो. ते कारण आम्हाला पटलं होतं. खरं कारण वेगळं होतं, ते मला गेल्या आठवड्यात कळलं.

निवृत्तीनंतर काकांनी एक खोली बांधायला घेतली. चाकांवर. त्यांच्या जुन्या मोटारीच्या मागे जोडायची, दोन माणसं आत निजतील एवढी फिरती खोली. चाकं आणि सांगाडा बेहाल्यातल्याच एका लोहाराकडून. भिंती आणि छप्पर थर्माकोलचं! बजबज गावाच्या बाजूला एक शीतगृह मोडलं, तिथल्या जाडजाड लाद्या काकांनी हातगाडीवर घालून आणल्या. रस्त्याने लोक विचारत होते, बर्फ केवढ्याला.

थर्माकोल हलका. मोटारीला ओढायला सोपा. पण नुसता ठेवला तर बोटाने उकरता येतो, म्हणून त्याच्यावर गोंदात भिजवलेलं कॅनव्हास चढवायचं, ते वाळून टणक झालं की रंग द्यायचा. ऐकायला सोपं आहे. मलाही सोपं वाटलं होतं. पहिल्या दिवशी काकांनी सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून पाहिलं. थर्माकोलने ते अक्षरशः पिऊन टाकलं आणि भिंतीला ताटाएवढं भोक पडलं. दुसऱ्या खेपेला ते माझ्याकडे आले.

"पुढारीणबाई, तुमची पत्रकं भिंतीवरून निघत नाहीत. खळ कशाची करता?"

मी आमच्या विद्यार्थिनी-समितीची पत्रकं लिहिते आणि रस्त्यातल्या भिंतींवर चिकटवतेही. आमची खळ मैद्याची. अभिमानाने बादलीभर करून दिली. काकांनी एक अख्खी बाजू चिकटवली, आणि दुसऱ्या सकाळी पाड्यातल्या गाईने ती चाटून मोकळी केली. वर कॅनव्हासचा एक कोपराही खाल्ला. काका तिच्या तोंडातून कापड ओढत होते आणि ओरडत होते, "सोड! उभा धागा आहे तो, सोड!" त्यानंतर सुतारांचा पांढरा गोंद आला. तो गाईला आवडला नाही.

पण गोंद म्हणजे काहीच नव्हे. काकांचा खरा धर्म म्हणजे जोड. कॅनव्हासचा एक तुकडा संपतो आणि दुसरा सुरू होतो, ती जागा.

"पाणी कधी धावून येत नाही," ते सांगायचे, "पाणी विचारत विचारत येतं. इथनं जाऊ का, तिथनं जाऊ का. आपण त्याला पत्ता द्यायचा नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की एका पत्रकात चुकून लिहून बसले होते.

पत्ता न देण्याचे नियम कडक. वरचा तुकडा खालच्यावर यायचा, कौलासारखा. पुढचा मागच्यावर यायचा, नाहीतर गाडी पळताना वारा कडेत बोट घालतो. कोपऱ्यावर जोड कधीच नाही. कापड कोपऱ्यावरून वळवून सपाटीवर आणायचं आणि तिथे चार बोटं एकावर एक घ्यायचं. आणि कात्री वर्ज्य! कात्रीने कापलेली कड करकरीत राहते, रंगाखालूनही दिसते. काका कापड फाडत, मग कडेचे आडवे धागे एकेक ओढून काढत. उरलेल्या उभ्या धाग्यांच्या दशा गोंदात भिजवून, बोटांनी विंचरून खालच्या तुकड्यावर पसरत. त्याच्यावरून लाटणं. घरातलं, पोळ्यांचं. मधून बाहेर, मधून बाहेर, हवेचा एक फोड राहता कामा नये. वाळल्यावर डोळे मिटून हात फिरवायचा. जोड हाताला लागला तर फाडून पुन्हा.

"पुढारीणबाई, घोषणा मागाहून. आधी टोक धरा."

मी टोक धरायची. महागाईविरुद्धच्या मोर्चाला जायच्या आधी धरायची, आल्यावर धरायची. पटवर्धनकाकी त्यांच्या तळमजल्याच्या व्हरांड्यात बसून म्हणायच्या, "अहो, लाटणं द्या आता. पोळ्यांना वास येतो." त्या व्हरांड्यातून कधी उतरत नसत. पूर्वी महाराष्ट्र मंडळात भजनं म्हणायच्या, हळदीकुंकवाला डमडमपर्यंत जायच्या. हल्ली कुठेच नाही. बायका म्हणत, मोटार आली आणि मिजास आली.

कॉलनीतली पोरं त्या खोलीला बंगालीत 'हाती', म्हणजे हत्ती, म्हणायला लागली. करडं कॅनव्हास, फुगीर पाठ, पुढे मोटारीला जोडायची सोंड. दिसायचीही तशीच. काकांना राग नव्हता. "हत्तीच्या कातडीला जोड असतो का? नाही ना? मग म्हणू दे."

आता अन्यायाकडे येते. विश्वकर्मा पूजेला काकांनी लाटण्याला आणि गोंदाच्या ब्रशाला हळदकुंकू लावलं. एकच काम उरलं होतं, रंग. तेवढ्यात कमिटीचे सेक्रेटरी दासबाबू चारपाच जणांना घेऊन आले. दुर्गापूजेच्या मांडवाला यंदा जास्त जागा हवी आहे, सबब षष्ठीच्या आत हाती बाहेर.

"बाहेर म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"रास्ताय," दासबाबू म्हणाले.

"रस्त्यावर? पावसात? अजून रंग नाही दासबाबू! कॅनव्हास पाणी पिईल, गोंद सुटेल, सगळं सोलून हातात येईल!"

"पंचांगाप्रमाणे देवी होडीतून येवो की पालखीतून, दीदी, हत्ती आधी हलायला पाहिजे. नाहीतर मांडववाले आपल्या हातांनी हलवतील." मांडववाल्यांचे हात कसे हलवतात ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मी तिथेच कायदा, हक्क, निषेध असं सुरू केलं. काका मात्र दासबाबूंच्या पंजाबीच्या, म्हणजे झब्ब्याच्या, खांद्याकडे बघत होते. "दासबाबू," ते त्यांच्या खास हिंदी-बंगालीत म्हणाले, "ये सेलाई उल्टा आछे. पाणी आत जाएगा." दासबाबूंनी खांद्यावर हात ठेवला. मग काकांनी वाकून लाटणं उचललं आणि घरात गेले. एक शब्द भांडले नाहीत. अन्याय सहन करणाऱ्यांचा मला अन्याय करणाऱ्यांपेक्षा जास्त राग येतो. मी रागावून तिथेच उभी राहिले.

देशपांडे मदतीला म्हणून आले होते. त्यांनी खोलीच्या आत डोकं घातलं आणि हसत बाहेर आले. "अहो, एवढा जोडांचा बाऊ केला आणि आत बघा! बिछान्यापासून दारापर्यंत केवढी जाड शिवण ठेवलीय, दोरखंडासारखी! म्हातारा दमला शेवटी."

मी पाहिलं. खरंच होती. कॅनव्हासची तिहेरी घडी, वरून सुतळीने टाके, बिछान्याच्या उशापासून कंबरेच्या उंचीने भिंतीवरून निघून थेट कडीपाशी संपलेली. बाहेर एवढासा फोड दिसला तर अख्खी बाजू फाडणारा माणूस! मी दाराशी जाऊन विचारलं, "काका, आतली ती शिवण राहिली का हो?"

काका म्हणाले, "राहिली खरी." आणि आत वळले.

हे खोटं होतं. ते मला ऐकताक्षणीच कळलं, कारण एका दशेसाठी तासभर वाद घालणारा माणूस कुठल्याही जोडाबद्दल दोन शब्दांत गप्प बसत नाही.

दुसऱ्या दुपारी कमिटीविरुद्धच्या अर्जावर सही घ्यायला गेले, तर काकी व्हरांड्यात नव्हत्या. अंगणात हातीचं दार उघडं होतं, आणि काकी आत बिछान्यावर बसल्या होत्या. मी हाक मारणार तेवढ्यात त्या उठल्या. उजव्या हाताची दोन बोटं त्या जाड शिवणीवर ठेवली, आणि शिवणीवरून चालत, न अडखळता, समोर न बघता दारापर्यंत आल्या. बोटं कडीवर थांबली. मी हातभर अंतरावर उभी होते. त्यांना दिसले नाही.

"काकी, मी."

दचकल्या, मग हसल्या. "तू होय. बस गं. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो बघ. कधीपासून जातंच होतं, हळूहळू. ह्यांना सांगितलं होतं, कुणाला बोलू नका."

पुण्याला का नाही गेले, तेही सांगितलं. इथल्या घरातली भिंत न् भिंत काकींच्या हाताला पाठ आहे, नव्या घरात सगळं पुन्हा शिकावं लागलं असतं. दुसऱ्यांकडे जाणं का सोडलं, तेही. गेल्या वर्षी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या ताटात पाय पडला. लोकांना वाटलं, वाकून बघायचेही कष्ट नकोत.

"मग हे म्हणाले, तुला परक्या घरात दार सापडत नाही ना, आपण खोलीच बरोबर नेऊ. गाव बदलेल, दार बदलणार नाही." काकींनी शिवणीवरून पुन्हा बोट फिरवलं. "मी म्हटलं, अहो, तुम्हाला जोड दिसलेला खपत नाही. तर म्हणाले, बाहेर पाण्याला पत्ता द्यायचा नाही. आत तुला द्यायचा आहे."

मी सहीचा अर्ज घडी घालून ठेवला.

"हे लिहू का काकी?"

"लिही. लोकांना मी गर्विष्ठ वाटते. त्यापेक्षा आंधळी वाटलेली बरी." आणि वर, "ह्यांना मात्र छापून आल्यावरच दाखव. आधी दाखवलंस तर परिच्छेदांमधले जोड तपासत बसतील."

तर कोलकात्यातल्या मराठी माणसांनो, कमिटीशी मी भांडेनच, ते माझं काम आहे. पण भांडण षष्ठीच्या आत संपणार नाही, आणि आश्विनातला पाऊस मांडवासाठी थांबणार नाही. रंग द्यायला आणि तो वाळायला त्या खोलीला डोक्यावर छप्पर हवं. तुमच्यापैकी कित्येकांच्या दाराशी पोर्च आहे. तिथे तुमची मोटार उभी आहे. मोटार भिजली तर पुसता येते.

ती बाहेर काढा. आम्ही हाती घेऊन येतो. आणि आल्यावर काकींचा हात धरून त्यांना तुमच्या दिवाणखान्यात बसवायची घाई करू नका. आधी एकेक जण त्यांच्या खोलीत जा, डोळे मिटा आणि त्या शिवणीवरून दारापर्यंत चालत या.