सासऱ्यांची रायफल आणि अण्णा

अण्णांनी मला फसवलं. परंड्याच्या बाजारात आजवर मला कोणी फसवलं नव्हतं. फसवलं ते शेजाऱ्यानं, तेही माझ्याच घरची भजी खाऊन.

मी बैलांचा व्यापारी. दुसऱ्याची जनावरं हाकत सुरुवात केली, आज मी बोललो की सौदा ठरतो. बैलाचा जबडा उघडून त्याचं वय सांगतो. पण रायफलीला दात नसतात. म्हणून अण्णा.

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात. त्या दिवशी अण्णा इस्त्रीचं धोतर नेसून ठाण्याच्या फाटकाशी उभे. कुणाच्या खांद्यावर बंदूक दिसली की लांबूनच ओरडायचे, "आली विलायतेची म्हातारी! तुझ्या आज्याच्या लग्नात हिनंच बार काढला आसंल!" मग बनावटीचं साल सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं. हवालदारसुद्धा टाळ्या द्यायचे.

माझ्या सासऱ्यांची शिकारीची जुनी रायफल त्यांच्या माघारी माझ्या परवान्यावर आली. शिकार बंद, रायफल कपाटात. सोलापूरच्या एका बंदूकवाल्याला ती हवी होती. म्हणाला, मॉडेल आणि साल कळवा. ते नळीच्या बुडाशी कोरलेलं असतं. पण सासरे दर खंडेनवमीला नेमका तिथंच शेंदूर लावायचे. अक्षरं पार बुजलेली.

एका रविवारी अण्णांना बोलावलं आणि शेंदूर खरवडायला मी चाकू काढला. अण्णांनी हात धरला. "घाई करू नगा, शेठ. बंदूक लाजती."

मग दर रविवारी अण्णा हजर. रायफल पाटावर, अण्णा सतरंजीवर, जणू मुलगी बघायला आलेत. शेंदरावरून बोट फिरवायचे, दस्त्याला कान लावायचे आणि एक आकडा सांगायचे. "आज एवढंच बोलली." एकदा काहीच बोलली नाही, कारण भज्यांत मीठ कमी होतं. एकदा मागचा आकडाच फिरवला. "आठ न्हाय, तीन हाय. वय चोरती व्हय लई!"

बंदूकवाला किती थांबणार? त्यानं दुसरी घेतली.

मी भर चौकात अण्णांना गाठलं. "बंदूक आन् मुसळ यातला फरक तरी कळतो का तुम्हाला?"

हॉटेलातली माणसं खदाखदा हसली. अण्णा म्हणाले, "डोळं गेलं, शेठ."

पुढच्या निवडणुकीला फाटकाशी कुणीतरी त्यांच्यापुढं छत्री धरली. "अण्णा, हिचं साल कंचं?" अण्णा हसले आणि घरी गेले.

संध्याकाळी हा किस्सा मी हसत हसत बायकोला सांगितला. तिनं ताटच आपटलं.

"त्यांनी पयल्याच रविवारी वळखली होती! मॉडेल, साल, समदं. चुलीपाशी येऊन मला सांगितलं."

"मग मला का नाही?"

"म्या पाया पडले त्यांच्या. म्हणलं, कायबी करा, पर इकू देऊ नगा. बाबाच्या बोटाचा ठसा हाय त्या शेंदरात."

माझी रायफल अजून ठाण्यात जमा व्हायची होती. मी कपाट उघडलं. होता. रुंद अंगठा, मधे वण.

अण्णा आता ठाण्याकडं फिरकत नाहीत. रविवारी बोलावलं तर दारातूनच म्हणतात, "आता काय दिसतंय मला!"

अण्णा, सौदा बुडाला तो बुडाला. पण चौकात मी तोंडाला येईल ते बोलत होतो, लोक दात काढत होते, आणि तुम्ही सगळं ठाऊक असून गप्प राहिलात. का? एका बाईला दिलेल्या शब्दापायी स्वतःचं नाव असं मातीत घालतात का? मला जाब पाहिजे, आणि तो माझ्या घरी येऊन, सतरंजीवर बसून द्या.