झिजलेल्या पट्ट्यांचा पलंग

"अहो, बाबांना उठवलंत ना, तर मी सरळ माहेरी निघून जाईन!"

"कुठे जाशील? माहेर इथेच येऊन झोपलंय."

हे बोलणं अगदी दबक्या आवाजात चाललं होतं, कारण ज्यांच्याविषयी ते होतं ते सासरेबुवा समोरच पलंगावर घोरत पडले होते. जावई पलंगाच्या पायथ्याशी कात्री घेऊन उभे आणि मुलगी त्यांचं मनगट धरून उभी. खिडकीतून कोणी डोकावलं असतं तर भलताच अर्थ काढला असता.

जावई बस डेपोत स्टोअरकीपर. कमरेला किल्ल्यांचा हा भलामोठा जुडगा, म्हणून डेपोत त्यांचं नाव पडलं किल्लीवाले. माणूस देवभोळा, सरळमार्गी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मनात सल एकच. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून त्यांच्याविषयी एक चांगला शब्द निघाला नव्हता. "आमचे जावई बसमध्ये असतात," हे सांगताना सासरेबुवा असा चेहरा करत, जणू जावई म्हणजे बसमध्ये कोणी विसरून गेलेली छत्री आहे.

आणि मग देवाने कौल फिरवला. सासऱ्यांची कंबर धरली, ते उपचारासाठी लेकीकडे आले, आणि गादीवर, जमिनीवर, खुर्चीत, कुठेच त्यांना चैन पडेना. शेवटी लेकीने माळ्यावरचा जुना लोखंडी पलंग काढला. त्याची नवार केव्हाच कुजली होती. पण घरात एक पोतंभर पट्टे होते. डेपोतल्या लांब पल्ल्याच्या बसमधले प्रवाशांचे सीट बेल्ट झिजले म्हणून काढून टाकले होते. नवे येईनात, जुन्यांचा ढीग स्टोअरमध्ये पायात यायचा. "हा कचरा हलवा, नाहीतर मी तुम्हाला हलवतो," असं साहेबांनीच फर्मावल्यावर किल्लीवाले ते घरी घेऊन आले होते. बायकोने ते एकाला एक जोडून जाड दोऱ्याने शिवले आणि पलंग असा ताणून विणला, की सासरेबुवा त्यावर पडले ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावरच उठले.

उठले आणि खिडकीतून शेजाऱ्यांना हाक मारून म्हणाले, "जावई असावा तर असा!"

किल्लीवाल्यांनी ते वाक्य तीनदा मनात घोळवलं. त्यांना वाटलं, आता आयुष्यात मागण्यासारखं काही उरलं नाही.

इथवर पूर्वरंग झाला. उत्तररंग आज सकाळी साहेबांच्या फोनने सुरू झाला.

"किल्लीवाले, आनंदाची बातमी! त्या पट्ट्यांत दोष होता, असं कंपनीनेच कबूल केलंय. फार लवकर झिजतात म्हणे. जुने सगळे परत मागवलेत. जेवढे जुने देऊ, तेवढे नवे मिळणार, फुकट! कंपनीचा माणूस आज दुपारी येतोय. आपल्या बस रस्त्याला लागतील! पट्टे आहेत ना?"

"आहेत, साहेब."

"कुठेत?"

"अं... ताणलेल्या अवस्थेत आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे नीट आहेत, साहेब. आणतो."

पट्ट्यांवाचून बस उभ्या होत्या. पट्टा नाही तर गाडी नाही, हे साहेबांना ठणकावून सांगणारे किल्लीवालेच होते. आता त्याच पट्ट्यांवर सासरे होते.

"बरं, पलंगाचे राहू दे," त्यांनी कात्री खाली ठेवली. "उरलेले कुठे ठेवलेस?"

"गल्लीत वाटले. एवढे मजबूत पट्टे टाकून कोण देतं?"

किल्लीवाले चपला अडकवून धावले. शेजारच्या काकूंच्या बाजाराच्या पिशवीला पट्टा, इस्त्रीवाल्याच्या गाठोड्याला पट्टा, कोपऱ्यावरच्या मास्तरांचा कुत्राही पट्ट्यानेच बांधलेला.

"दिलेली वस्तू परत मागतात का हो, भाऊजी?" काकू पिशवी छातीशी धरून म्हणाल्या.

"काकू, समजून घ्या. कंपनीने परत मागवलेत. जुना दिला की नवा मिळतो."

"नवा? फुकट?"

"हो, हो, फुकट!" आणि नवा बसला मिळतो, हे सांगायला ते थांबलेच नाहीत. कुत्रा जागा सोडून फिरायला निघाला होता.

दुपारी पोतं घेऊन ते डेपोत पोचले, तर फाटकापाशी ही गर्दी! पुढे काकू. त्यांच्या हातात काकांच्या पँटचा कातडी पट्टा.

"हा पण जुनाच आहे. केव्हा मिळतोय नवा?"

मागे कोणाच्या हातात शाळेच्या गणवेशाचा पट्टा, कोणाच्या हातात हार्मोनियमच्या पेटीचा, एका आजोबांच्या हातात कंबरदुखीचा. मास्तर कुत्र्यासकट आले होते, कारण गळपट्टा निघत नव्हता.

कंपनीचा माणूस तरुण, नीटनेटका, आणि एव्हाना पार गोंधळलेला.

"साहेब, तुमच्या सगळ्या गाड्यांत मिळून आसनं किती, आणि हे पट्टे किती! आणि हा," त्याने गळपट्टा निरखला, "हा कोणत्या आसनाचा?"

"खिडकीकडचा," साहेबांच्या तोंडून निघून गेलं. तेही गोंधळले होते.

निवडानिवड झाली. खरे पट्टे मूठभर निघाले. साहेबांनी किल्लीवाल्यांकडे पाहिलं. "बाकीचे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "साहेब, पलंगाला विणलेत. वर सासरे आहेत. कंबर धरलीय, उठवता येत नाही."

साहेब मेकॅनिकांकडे वळले. "मग सासऱ्यांसकट आणा!"

चार मेकॅनिक गेले. सासरेबुवांनी उठायला साफ नकार दिला, पण फिरून यायला त्यांची हरकत नव्हती. पलंग खांद्यांवर चढला. अंगावर पांढरी चादर, हात छातीवर आणि पुढे मान खाली घालून किल्लीवाले. रस्त्यातली माणसं बाजूला झाली. पानवाल्याने रेडिओ बंद केला. एका गृहस्थांनी हळहळून हात जोडले, तशी पलंगावरच्या सासरेबुवांनी मान उचलून त्यांना उलट नमस्कार केला. ते गृहस्थ त्यानंतर बराच वेळ पानवाल्याच्या फळीवर बसून होते.

डेपोत पलंग उतरला. कंपनीच्या माणसाने खाली वाकून, आडवं पडून, विणीत बोटं घालून पाहिलं. किल्लीवाले घामाघूम. कापलेले, शिवलेले पट्टे चालणार नाहीत, असं हा म्हणाला, की डेपोही गेला आणि सासरेही गेले.

"यांचं वजन किती?" पलंगाखालून आवाज आला.

"भरपूर," मुलगी म्हणाली. तीही पाठोपाठ आली होती.

"आणि इतके दिवस एकही दोरा निघाला नाही?" तो धूळ झटकत बाहेर आला. चेहरा उजळलेला. "अहो, मग पट्टा उत्तम आहे! बसमध्ये तो आसनाच्या लोखंडी चापावर घासतो, तिथे झिजतो. दोष चापाच्या धारेत आहे! आम्ही पट्टे तपासत बसलो होतो. हा पलंग मी असाच नेतो, न उसवता. तुम्हाला सगळे पट्टे नवे, आणि चापही नवे."

टाळ्या पडल्या. साहेबांनी किल्लीवाल्यांची पाठ थोपटली. आनंदात नव्हते ते फक्त सासरेबुवा. ते काठी टेकत उठले, पलंग टेम्पोत चढताना त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि एकच विचारलं, "नवे कधी झिजतील?"

"आता? दहा वर्षं बघायला नको!" कंपनीचा माणूस अभिमानाने म्हणाला.

त्यानंतर सासरेबुवा घरी जमिनीवर, गादीवर, खुर्चीत नुसते कण्हत राहिले. किल्लीवाल्यांनी ओळखलं, आपण पुन्हा छत्री झालो.

नवे पट्टे बसले आणि लांब पल्ल्याची पहिली बस निघायची तेव्हा गावी परतायला सासरेबुवांनी तिच्यातच आपली जागा धरली. किल्लीवाले निरोपाला आत चढले, पाया पडले. सासरेबुवांचं लक्ष पट्ट्याकडे. लावत होते, काढत होते, ओढून पाहत होते, पुन्हा लावत होते. बक्कल टाळासारखं एका लयीत वाजत होतं.

"बाबा, अडकतोय का? बदलून देऊ?"

"छे, छे! उत्तम आहे."

"मग सारखं काय करताय?"

सासरेबुवांनी इकडेतिकडे पाहिलं आणि जावयाला जवळ ओढलं.

"वापरतोय, जावईबापू. वापरल्याशिवाय झिजायचा कसा? मी आता दर आठवड्याला येणार. हा पट्टा उतरला, की दुसऱ्या कोणाला देऊ नका हं!"