तासाला एक इंच

मास्तरांचा टेप कधी चुकत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. कारण मास्तरच ते दिवसातून चार वेळा सांगत! उभी हयात शिवणकामात गेलेली. टेप गळ्यात इतका कायमचा, की आंघोळीला जाताना तो काढायची आठवण करून द्यावी लागे.

लेक चार वर्षांनी परदेशातून येणार होती. सोबत तीन वर्षांचा नातू. त्याला मास्तरांनी फक्त फोनवरच पाहिलेलं. "विमानतळातून बाहेर पडल्यावर पोराला पहिला चेहरा दिसेल तो माझा!" असं त्यांनी लेकीला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

तिने तिकीट पाठवलं. निघणार सकाळी सात, पोचणार सकाळी अकरा.

"चार तासांत? शक्यच नाही!" मास्तरांनी दुकानातल्या जगाच्या नकाशावर टेप लावला. "हे तिचं शहर, हे आपलं. बरोबर सात इंच! खाली छापलंय, एक इंच म्हणजे नऊशे किलोमीटर. विमानाचा वेग किती?"

"असेल ताशी नऊशे," शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला.

"म्हणजे विमान चालतं तासाला एक इंच! सात इंच, सात तास. सातात सात मिळवले की दुपारचे दोन. वर शिलाईत सोडतो तसं एक इंच मार्जिन. तीनला उतरणार!"

"विमानाला कसलं मार्जिन, मास्तर? तिकिटावर अकरा आहे ना, मग अकरा."

"तू आपल्या घड्या घाल!"

त्या दिवशी सकाळभर मास्तर नातवाचा सदरा शिवत होते. मशीनची खडखड जोरात, आणि फोन चिंध्यांच्या ढिगाखाली वाजून वाजून दमलेला. साडेबाराला त्यांनी खालच्या दुकानाला आणि वरच्या घराला कुलूप लावलं, किल्ल्या खिशात टाकल्या, सदरा पिशवीत घेतला आणि विमानतळाकडे निघाले. फोन राहिला ढिगाखालीच!

तीन वाजले. सव्वातीन झाले. लेक नाही, नातू नाही!

"ते विमान अकरालाच उतरलं, काका," चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली.

"कसं उतरेल? सात इंच आहे ते!"

"काय इंच?"

मास्तरांनी टेप खिडकीत पसरून सगळा हिशेब मांडला. मागची रांग चुळबुळायला लागली. मुलीने मात्र शांतपणे ऐकून घेतलं. "सात तास बरोबर आहेत, काका. पण तिकडे सकाळचे सात वाजतात ना, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे चार असतात."

मास्तरांनी बोटांवर मोजलं. चार आणि सात... अकरा! टेप गुंडाळत ते बाहेर धावले.

धापा टाकत ते गल्लीत पोचले. इस्त्रीवाल्याच्या बाकावर, बॅगांच्या गराड्यात, लेक पेंगत होती आणि नातू इस्त्रीवाल्याशी खेळत होता. "बाबा, सात तासांत आम्ही समुद्र ओलांडून आलो," ती डोळे चोळत म्हणाली, "आणि तुमच्या दाराशी तीन तास बसलोय!"

मास्तरांना रडूच यायचं बाकी होतं. त्यांनी घाईघाईने पिशवीतून सदरा काढला आणि नातवाच्या अंगात घातला. सदरा थेट पोराच्या घोट्यापर्यंत आला!

"थोडं मार्जिन ठेवलंय," मास्तर पुटपुटले.

पोरगं सदरा सावरत इस्त्रीवाल्याच्या मांडीवर चढलं. "आजोबा," त्याने इस्त्रीवाल्यालाच विचारलं, "हे कोण आलेत?"

"हे होय?" इस्त्रीवाला म्हणाला. "हे तुझे खरे आजोबा, बाळा. मार्जिन ठेवून आलेत."