बाकीचे जीबी कुठे गेले?

तोफबुवांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोचा सल्ला मानला, आणि तिथंच घात झाला.

तोफबुवा म्हणजे एका दैनिकाचे जुने बातमीदार. (नाव सहकाऱ्यांनी ठेवलेलं. बुवा तो सन्मान समजत.) आयुष्यभर उकरून काढलेल्या भानगडींवर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं. सोमवारी ते प्रकाशकाकडे जायचं होतं, आणि होतं मात्र फक्त त्यांच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर.

"अहो, हा डबा कधी डोळे मिटेल सांगता येत नाही. अख्ख्या डिस्कची इमेज, हुबेहूब प्रत, काढून ठेवू या. म्हणजे सगळं जसंच्या तसं परत आणता येतं," बायको म्हणाली. ती त्याच दैनिकात उपसंपादक होती. बुवांच्या बातम्या कापता कापताच दोघांचं जुळलं होतं.

तिनं बाहेरची एक डिस्क जोडली, प्रत काढली. बुवांनी आकडा पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"डिस्क पाचशे जीबीची. तुझी प्रत साठची. बाकीचे कुठे गेले?"

"जातायत कुठे? तुमच्या डिस्कवर जेमतेम शंभर भरलेत. रिकामी जागा कुणी कॉपी करतं का? आणि आहे तेही कॉम्प्रेस करून, दाबून बसवलंय."

"म्हणजे कापलं!"

"कापलं नाही हो, दाबलं. उघडलं की पूर्ववत होतं. मी एक फाइल परत काढून पाहिलीसुद्धा."

"कापणारे सगळे हेच म्हणतात!" तोफ धडाडली. "जरा आवळलं म्हणत तू माझी पूल कोसळल्याची बातमी चार ओळींत बसवली होतीस!"

"पूल कुठे कोसळला होता? कठड्याची एक वीट पडली होती."

बायकोनं डिस्क कपाटात ठेवली. ती बाजारात गेल्यावर बुवांनी तपास स्वतःकडे घेतला. प्रोग्रॅमनं विचारलं, कॉम्प्रेशन हवं? बुवांनी 'नाही'वर असं बोट आपटलं, की टेबलावरचा चहा हिंदकळला. प्रत ठेवायची कुठे? कपाटातल्या त्या बाटग्या डिस्कवर? छे! बुवांनी ती कॉम्प्युटरच्याच पोटात ठेवली. घरचं धन घरात.

प्रत भरली शंभर जीबी. बुवा प्रसन्न झाले आणि त्या भरात पुस्तकाचं शेवटचं चाळीस पानी प्रकरणही लिहून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रत काढली, तर दोनशे! बुवा चक्रावले. चाळीस पानांना शंभर जीबी? (मग मनात म्हणाले, मजकुरात वजन आहे.)

तिसऱ्या दिवशी प्रत निघता निघता कॉम्प्युटर खरखरला, कण्हला आणि पडदा काळा झाला. काही केल्या तो उठेना.

"घाबरू नकोस," बुवा म्हणाले. (बायको भाजी निवडत होती.) "माझ्याकडे न कापलेली पूर्ण प्रत आहे."

"कुठे?"

"त्यातच."

बायकोच्या हातातली जुडी हातातच राहिली. "अहो, किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घेतलंत की!"

"पण ती रोज दुप्पट होत होती! ते कसं?"

"दुसऱ्या प्रतीत पहिली प्रतही आली म्हणून. तुमच्या बातमीसारखंच. आजच्यात कालची सगळी पुन्हा."

डिस्क गेली ती गेलीच. नवी बसवली, आणि बायकोनं कपाटातल्या त्या साठ जीबींतून सगळं परत आणलं. पुस्तक, फोटो, पडद्यावरचा पसारासुद्धा जागच्या जागी.

"आणि ही चारशे जीबी रिकामी जागा कुठून आली? ती तर तू घेतलीच नव्हतीस!"

"रिकामपणाला प्रत लागत नाही," बायको म्हणाली. हे कॉम्प्युटरबद्दल की आपल्याबद्दल, ते बुवांना कळलं नाही.

नव्हतं ते फक्त शेवटचं प्रकरण. ते बायकोच्या प्रतीनंतरचं! पुन्हा लिहायला वेळ नव्हता. सोमवारी बुवांनी लेक सासरी धाडावी तशा चेहऱ्यानं शेपूट तुटलेलं पुस्तक पाठवलं आणि फोनशी बसून राहिले.

प्रकाशकांनी वाचून फोन केला.

"बुवा, कमाल केलीत! नेमकं जिथं संपायला हवं तिथंच संपवलंत. कुणी कापलं हो? वहिनींनी?"

"नाही," बुवा पडेल आवाजात म्हणाले. "हिनं नाही."

"मग जो कोण असेल, त्याला सोडू नका. पुढच्या पुस्तकाला आधी त्यालाच बसवा!"