सतरा नंबर कोणालाच कसा नको?

नावं झाकायची अक्कल मराठी मंडळातल्या ज्या कुणाला सुचली, त्यानेच एका बापाला भर सभागृहात तोंडावर पाडलं. आम्ही स्पष्ट बोलतो. हा ठराव कोणी मांडला आणि त्याला अनुमोदन कोणी दिलं, हे इतिवृत्तात कुठेही नाही. तिथे नुसतं 'सर्वानुमते' लिहिलंय. सर्वानुमते म्हणजे कोण? जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या मराठी माणसांचं गणपतीच्या आरतीच्या वेळेवरसुद्धा आजवर एकमत झालेलं नाही.

झालं असं की मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात दरवर्षी फुटबॉलचा सामना असतो. दोन कप्तान आळीपाळीने खेळाडू निवडतात. गेल्या वर्षी दोघांनी आपापले मित्र आणि मेव्हणे उचलले, त्यावरून भांडण झालं आणि तीन कुटुंबं दिवाळी फराळाला फिरकली नाहीत. म्हणून यंदा नवा नियम आला. प्रत्येकाने अर्ज भरायचा, आपल्या खेळाबद्दल एक ओळ लिहायची, आणि सेक्रेटरी विष्णू सबनीसने नाव, वय, बाई की पुरुष, सगळं गाळून फक्त नंबर आणि ती ओळ वाचायची. स्वतःचा नंबर कप्तानाला सांगितला की खेळाडू बाद.

एका बाजूचा कप्तान होता कुमार दिघे. दुसऱ्या बाजूला आपला हरीश टिपणीस.

हरीश गाड्यांच्या कारखान्यात बिघाड शोधायच्या खात्यात होता. गाडीत दोष नाही असा अहवाल आला की त्याची झोप उडायची. दोष नाही म्हणजे कोणीतरी लपवलाय. हाच चष्मा लावून तो घरी यायचा, भाजी घ्यायचा आणि माणसं वाचायचा. दर शनिवारी तो आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला, मैत्रेयीला, तिच्या क्लबच्या मैदानावर सोडायचा आणि स्वतः पार्किंगमध्ये बसून पुण्यातल्या सोसायटीच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये लिफ्ट मुद्दाम कोण बंद पाडतं याचा छडा लावायचा. तीन वर्षं हेच. आत मुलगी काय खेळते हे त्याने एकदाही पाहिलं नाही. घरात जाडजूड हातमोजे दिसायचे, ते बायकोने बर्फ उपसायला आणले असावेत असं तो धरून चालला होता.

आता एक गोष्ट सांगूनच टाकतो, उगाच ताणत नाही. मैत्रेयी गोलकीपर होती. चांगली होती. तिने अर्ज भरला होता, तिचा नंबर सतरा होता, आणि बाबाने आपल्याला निवडावं, तेही नाव न बघता, नुसत्या खेळावर निवडावं, एवढंच तिला हवं होतं. बायकोला, म्हणजे ऊर्मिलाला, हे ठाऊक होतं. पण मुलीने आईला शपथ घातली होती. नियम म्हणजे नियम. मुलगी जर्मनीत वाढलेली.

निवडीच्या दिवशी सभागृहात चाळीसएक माणसं जमली. मैत्रेयी मागे कॉफीच्या टेबलापाशी कप लावत उभी होती. सल्लागार म्हणून प्रत्येक कप्तानाला एक माणूस शेजारी बसवायची मुभा होती. हरीशशेजारी ऊर्मिला बसली.

"आधी गोलकीपर घे," ती म्हणाली.

"गोलकीपर कशाला आधी? आधी टॅलेंट. टॅलेंटवाला माणूस कुठेही उभा राहतो."

"हरीश, आपण इथे पहिलं घर घेतलं तेव्हा आठवतं? खोल्या चार, उजेड भरपूर, आणि आत गेलो तर स्वयंपाकघरात ओटाच नाही. दोन महिने बाथरूममध्ये कुकर लावला मी. तशी टीम करू नकोस."

हरीशने तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. रोज संध्याकाळी ही कुमारच्या साधनाबरोबर नदीकाठी फिरायला जाते. आज अचानक हिला गोलकीपरचा एवढा पुळका का? त्याच्या डोक्यात बिघाड खात्याची घंटा वाजली.

विष्णूने अर्ज वाचायला घेतले. "चार नंबर. थोडंफार खेळणं झालंय. आता सवय नाही."

हरीश ताठ बसला. त्याचा सिद्धांत असा की आपला माणूस स्वतःबद्दल जेवढं कमी सांगेल तेवढा तो आत भरलेला. घसा बसलाय म्हणणारा गवई दीड तास उठत नाही. आज काही धड जमलं नाही म्हणणारी मावशी पाच पदार्थ वाढते. वर्गात अभ्यासच झाला नाही म्हणणारा पोरगा पहिला येतो. थोडंफार म्हणजे हा गडी जिल्ह्याकडून खेळलेला असणार.

"अकरा नंबर. कॉलेजात असताना अधूनमधून पाय लावलेला आहे."

"ऐकलंस?" हरीश कुजबुजला. "युनिव्हर्सिटी."

"सतरा नंबर. गोलकीपर. तीन वर्षं क्लबात. खेळ चांगला."

"हा घे," ऊर्मिला म्हणाली.

"हा? स्वतःच स्वतःचा खेळ चांगला म्हणतोय. मराठी माणूस असं लिहितो का? पोकळ आहे. नाहीतर कुमारने पेरलाय."

नाणं हरीशच्या बाजूने पडलं. त्याने चार नंबर घेतला. कुमारने एक बचावपटू घेतला.

विष्णूने विचारलं, "हरीश, गोलकीपरची जागा रिकामी आहे. सतरा?"

"नको. अकरा."

कुमारने पळणारा एक जण घेतला. तोही दबकत, जसं काही पुढच्याचं ताट ओढतोय.

"सतरा?"

"नको म्हटलं ना. नऊ नंबर परत वाच."

विष्णूने वाचलं. "मला काही येत नाही. पण म्हणाल तिथे उभं राहायची तयारी आहे."

हरीशच्या अंगावर काटा आला. इतका विनय. हा माणूस राष्ट्रीय पातळीवर असला पाहिजे.

"हरीश, तुझ्या पाया पडते," ऊर्मिला म्हणाली.

"साधनाने काय सांगितलंय तुला, ते घरी बोलू."

"सतरा, शेवटचं विचारतो," विष्णू म्हणाला.

"कोणालाही द्या. मला फुकट दिला तरी नको. नऊ."

मागे कॉफीच्या टेबलावर एक कप खाली पडला. कुणी वळून पाहिलं नाही.

"मग सतरा मी घेतो," कुमार म्हणाला. "तुला नको म्हणून हां."

अठराच्या अठरा अर्ज वाटले गेले आणि विष्णूने नावं उघडली. चार नंबर म्हणजे समर्थ, युनिव्हर्सिटीत शिकणारा मुलगा, आयुष्यात दोनदा खेळला होता. थोडं एकदा आणि फार एकदा. अकरा म्हणजे राजस, याने कॉलेजात मैदानाबाहेर गेलेला बॉल पायाने आत ढकलला होता, अधूनमधून. नऊ नंबर म्हणजे दत्ताकाका, वय अडुसष्ट, सांगलीहून लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले.

"सतरा," विष्णूने चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "मैत्रेयी हरीश टिपणीस."

चाळीस माना कॉफीच्या टेबलाकडे वळल्या.

हरीश उठला तो आरोप करतच उठला. कुमारला आतून खबर होती. विष्णूने मुद्दाम 'खेळते' असं न वाचता बाईमाणूस लपवलं. बायको फितूर. निवड पुन्हा घ्या.

"अरे, मी तुला तीनदा विचारलं," विष्णू म्हणाला.

"तीनदा का विचारलंस? मला तिथेच संशय आला होता."

कुमार भला माणूस. तो म्हणाला, "घे बाबा, अदलाबदल करू. दे दत्ताकाका."

"नाइन," मागून जर्मनमधला नकार आला. मैत्रेयी ट्रे घेऊन उभी होती. "निवड झाली. मी कुमारकाकांकडून खेळणार."

तिने बापासमोरची कॉफी तेवढी ठेवली नाही.

रविवारी नदीकाठच्या कुरणावर सामना झाला. हरीशकडे गोलकीपर नव्हताच, म्हणून दत्ताकाकांना गोलात उभं केलं. पहिला गोल त्यांच्या उजवीकडून गेला, दुसरा डावीकडून.

"काका, हला की," हरीश ओरडला.

"इथे उभे राहा म्हणालात ना तुम्ही?"

काकांचं बरोबर होतं. खरं सांगायचं तर सगळ्यांचंच बरोबर होतं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच अठरा मराठी माणसांनी स्वतःबद्दल खरं लिहिलं होतं, आणि नेमका त्याच वर्षी कप्तान हरीश होता.

सात शून्य झाल्यावर कुमारच्या एका माणसाचा हात बॉलला लागला. पेनल्टी. निदान एक गोल आपला असावा म्हणून हरीशने बॉल स्वतःच ठेवला. समोर मैत्रेयी. हातात ते बर्फाचे हातमोजे. ती त्याच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होती, उघड उघड, मान वळवून.

हरीशने विचार केला. उजवीकडे बघतेय म्हणजे डावीकडे झेपावणार. माझी मुलगी आहे, एवढा कावा तर रक्तातच असेल. त्याने सगळा जोर लावून उजव्या कोपऱ्यात मारला.

ती बघत होती तिकडेच गेली आणि बॉल पोटाशी घेऊन पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दत्ताकाकांनीही वाजवल्या, आपल्या जागेवरून न हलता.

सामना संपल्यावर हरीश गवतावर बसला होता. शेजारी ऊर्मिला डबे भरत होती. मैत्रेयी आली. घरात ती एरवी जर्मनमध्येच उत्तरं द्यायची. आज तिने मराठी काढलं, तेव्हाच हरीश सावरून बसला.

"मी तुझ्या उजवीकडे बघत होते. तुला दिसत होतं ना, बाबा?"

"दिसत होतं."

"मग?"

"मला वाटलं, तू..." पुढचं वाक्य त्याला स्वतःलाच ऐकवेना. "तू फार छान खेळलीस गं. मला माहीतच नव्हतं."

"पार्किंगमधून दिसत नाही," ती म्हणाली.

ऊर्मिलाने डब्याचं झाकण दाबून लावलं.

"पुढच्या वर्षी मी तेच लिहिणार," मैत्रेयी म्हणाली. "नाव नाही. गोलकीपर, खेळ चांगला. तू घेशील?"

"अगं, पुढच्या वर्षी कोण कप्तान असेल, नियम काय असतील, ही कार्यकारिणी काय घोळ घालेल..." हरीशने कपाळावरचा घाम पुसला. "बघू."

मैत्रेयी आईकडे वळली. "आई, बाबा बघू म्हणतो तेव्हा ते हो असतं की नाही असतं?"

"अठरा वर्षं झाली लग्नाला," ऊर्मिला म्हणाली. "अजून तपास चालू आहे."

मैत्रेयीने बॉल गवतावर ठेवला आणि बापाच्या बरोबर समोर त्या बॉलवर बसली. मंडळी गाड्यांकडे निघाली होती. कुमारने हात हलवून बोलावलं, तिने मान हलवून नको म्हटलं.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "पण एकच शब्द सांगायचा, बाबा. हो की नाही?"