पास्कू मास्तरांची गाळाची बाटली

पास्कू मास्तरांच्या पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक, छत्री आणि गाळाची बाटली कायम असे. पुस्तक चर्चमध्ये निघे, छत्री पावसात. बाटली मात्र आमच्या पापडी गावात कुठेही निघे. लग्नात, बँकेच्या रांगेत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, तोंडाला साबण असताना.

आम्ही एकाच शाळेत होतो. ते विज्ञान शिकवत, मी गणित. नव्वदीच्या दशकात त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की मोठेपणी होणाऱ्या मधुमेहात स्वादुपिंडात एक प्रथिन साचतं. तेव्हापासून कुणी ‘मला साखर आहे’ म्हणालं, की बाटली बाहेर. तळाशी त्यांच्या वाडीतल्या बावखलाचा, म्हणजे शिंपण्याच्या तळ्याचा, गाळ.

“हे तुमचं स्वादुपिंड. जिथून इन्सुलिन झरतं, तिथूनच हे प्रथिन झरतं. त्याचा गाळ बसतो आणि झरा बुजतो.”

एकदा मी मुद्दाम विचारलं, गाळामुळे झरा आटतो, की झरा आटला म्हणून गाळ बसतो? मास्तर खूश झाले. “त्यावर शास्त्रज्ञांचंच भांडण चाललंय, सावंत सर. पण सुकेळ्यांचं नाव त्यांत कुणी घेत नाही.”

सुकेळी म्हणजे आमच्याकडची उन्हात सुकवलेली गोड केळी. भाषणाचा शेवट नेहमी त्यांच्यावरच होई. लोक हसत. ‘गाळमास्तर’ हे नाव मीच पाडलं.

मग मलाच साखर निघाली. मास्तर संध्याकाळी घरी आले. बाटली टेबलावर ठेवली, पण भाषण केलं नाही.

“गोळ्या घ्या, चाला, पथ्य पाळा. पण तुमची चूक नाही, सर.”

मी मान डोलावली.

“तुम्हाला लगेच पटलं. रोझीला शेवटपर्यंत पटलं नाही. सुकेळी खाऊन मीच ओढवून घेतलं, म्हणायची. कुणीतरी तिला तसं बोललं होतं.”

रोझीबाई त्यांची बायको, साखरेनेच गेलेली. एका नाताळात बाईंनी सुकेळ्यांची बशी पुढे केली, तेव्हा दहा माणसांत मी म्हणालो होतो, “बाई, या सुकेळ्यांनीच तुमचा घात केला.” सगळे हसले. बाईही हसल्या. पुढच्या नाताळात बशीत सुकेळी नव्हती.

त्या संध्याकाळी हे सांगायचं धाडस झालं नाही. मी नुसतीच बाटली उचलली.

“हलवू नका,” मास्तर म्हणाले. “गाळ बसायला वेळ लागतो.”

आता पुष्कळ बसलाय, मास्तर. तो कुणीतरी मी होतो.